परीक्षकाचें आसन देणाऱ्यांचें कर्तव्य

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरीवलीपर्यंतच्या पट्ट्यांत, जे कार्यक्रम तयार होतात ते आज रात्रीं आमच्या वाचकांच्या गांवोगांवीं पाहिले जातात. गोरेगांवची चित्रनगरी १९७७ सालीं उभी राहिली. सोनी वाहिनीची कचेरी शेजारीं मालाडास आहे. ज्या मनुष्यास ह्या वाहिन्या दिव्यांच्या उजेडांत उंच आसनावर बसवितात, त्यास खेड्यांतील लेंकरेंही नांवानें ओळखूं लागतात. अशा मनुष्यावर कोणी स्त्रीनें गैरवर्तनाचा आरोप केला, तर त्यास आसन देणाऱ्यानें काय करावें, हा प्रश्न शहरापुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

एक प्रसिद्ध प्रकरण घेऊं. "इंडियन आयडॉल" ही गायनस्पर्धा २००४ सालीं सोनी वाहिनीवर सुरू झाली, व संगीतकार अनु मलिक हे पहिल्या पर्वापासून तिचे परीक्षक होते. ऑक्टोबर २०१८ मध्यें, देशांतील अनेक स्त्रिया आपणांस झालेला त्रास उघड सांगूं लागल्या, तेव्हां गायिका सोना महापात्रा व आणखी कांहीं स्त्रियांनीं त्यांच्यावर असभ्य वर्तनाचे आरोप केले. श्री. मलिक ह्यांनीं ते साफ नाकारले. थोड्याच दिवसांत वाहिनीनें त्यांस परीक्षकमंडळांतून दूर केलें. पुढच्याच वर्षीं अकराव्या पर्वांत ते त्याच आसनावर परत दिसले. पुन्हा ओरड झाली. नोव्हेंबरांत ते पुन्हा बाहेर पडले. राष्ट्रीय महिला आयोगानें वाहिनीस विचारणा केली, व पुरेसा पुरावा पुढें न आल्यामुळें जानेवारी २०२० मध्यें तें प्रकरण बंद केलें. २०२१ सालीं बाराव्या पर्वांत श्री. मलिक पुन्हा परीक्षक म्हणून आले. कोणत्याही न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलेलें नाहीं, आणि तसें ठरविण्याचा आमचाही हेतु नाहीं.

आमचें लक्ष आहे तें दाराच्या ह्या उघडझांपेकडे. २०१८ च्या निवेदनांत वाहिनीनें पुढें पाहुणे परीक्षक येतील हें सांगितलें. चौकशी कोण करील हें सांगितलें नाहीं. गलबला वाढला कीं मनुष्य बाहेर, ओसरला कीं आंत, असाच ह्या क्रमाचा अर्थ सामान्य प्रेक्षक लावील. ह्यांत हित कोणाचें झालें? त्या स्त्रियांचें नाहीं. त्यांचें म्हणणें खरें कीं खोटें ह्याचा उलगडाच झाला नाहीं. मग श्री. मलिकांचें तरी झालें काय? जो खरोखर निर्दोष असतो त्यास "निर्दोष" हा शब्द हवा असतो, परत मिळालेली खुर्ची नव्हे.

कोणी म्हणेल, वाहिनी म्हणजे न्यायालय नव्हे. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीं कोणाच्या पोटावर पाय कां द्यावा? हें म्हणणें हलकें नाहीं. खोट्या आरोपानें उद्ध्वस्त झालेलीं माणसें खेड्यांतही आहेत. परंतु परीक्षकाचें आसन ही भाकर नव्हे, ती सोंपविलेली सत्ता आहे. संगीतकारानें चाली बांधाव्या, त्यास कोणी अडवीत नाहीं. लहान गांवांतून आलेली, बापानें कर्ज काढून मुंबईस पाठविलेली मुलगी, जिचें सारें भविष्य त्या आसनावरील होकारावर लटकलेलें आहे, तिच्यापुढें एखाद्यास बसविण्यापूर्वीं वाहिनीनें कांहीं विचारपूस केली कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. आमच्या एखाद्या मंडळींत मुलींच्या वसतिगृहावरील शिक्षकाविषयीं तक्रार आली, तर पंच काय करितात? गुन्हा सिद्ध झाला असें ते म्हणत नाहींत, आणि "कोर्टांत जा" असें म्हणून उठूनही जात नाहींत. त्यास कांहीं दिवस मुलींपासून दूर ठेवून दोन्ही पक्षांचें ऐकतात. निदान ऐकावें, कित्येक ठिकाणीं तक्रार करणाऱ्या मुलीसच घरीं धाडितात, हेंही खोटें नाहीं.

न विचारण्याचा परिणाम कोठवर जातो हें इंग्लंडांत दिसलें. बी.बी.सी.चा जिमी सॅव्हिल हा मुलांचा मोठा लाडका. मुलें त्यास पत्रें लिहून आपल्या इच्छा कळवीत. ऑक्टोबर २०११ मध्यें तो वारला. त्याच्या दुष्कृत्यांची हकीकत बी.बी.सी.च्याच वार्ताहरांनीं जमविली होती. ती दाखविण्यांत आली नाहीं, आणि त्या नाताळांत त्याच्या गौरवाचे कार्यक्रम मात्र दाखविण्यांत आले. पुढील वर्षीं दुसऱ्या वाहिनीनें सारें उघडकीस आणलें. माजी न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ ह्यांच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणें, बी.बी.सी.च्या कामाच्या संबंधांत त्यानें ७२ जणांवर अत्याचार केले होते. मोठ्या कलावंताविरुद्ध तोंड उघडण्यास तेथील नोकर भीत असत.

दुसरें टोंक मुंबईच्या उपनगरांनींच पाहिलें. १४ जून २०२० रोजीं नट सुशांतसिंह राजपूत वांद्र्यास आपल्या राहत्या घरीं मृत आढळले. त्यानंतर कित्येक आठवडे कांहीं वृत्तवाहिन्यांनीं नटी रिया चक्रवर्ती ह्यांस रोज रात्रीं अपराधी ठरविलें. सप्टेंबरांत अमली पदार्थांच्या प्रकरणांत त्यांस अटक होऊन सुमारें चार आठवडे भायखळ्याच्या तुरुंगांत राहावें लागलें. १८ जानेवारी २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, तपास चालू असतां वाहिन्यांनीं चालविलेला असा खटला न्यायाच्या कामांत अडथळा आणतो. मार्च २०२५ मध्यें सी.बी.आय.नें मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयापुढें ठेवला. जितक्या रात्रीं आरोप झाला तितक्या रात्रीं कोणी क्षमा मागितली काय?

खरें पाहतां रस्ता कायद्यानें दाखविला आहे, आणि त्याचा आरंभ एका खेड्यांतून झाला. राजस्थानांतील भटेरी गांवीं बालविवाह थांबवूं पाहणाऱ्या सरकारी योजनेच्या कार्यकर्तीवर १९९२ सालीं अत्याचार झाला. त्यावरून १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निर्णय आला, आणि २०१३ सालीं कायदा झाला. जेथें दहा किंवा अधिक माणसें काम करितात तेथें तक्रार-समिति असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणांसाठीं जिल्ह्याची समिति आहे, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तक्रार करणारी स्त्री तेथें नोकर असो वा नसो, तिला दाद मागतां येते; म्हणजे गाण्यास आलेल्या स्पर्धक मुलीसही येते. परंतु मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी तीन. कित्येक वर्षांनीं धीर करून बोललेली गायिका त्या दारांतून आंत येऊं शकत नाहीं. तेथें वाहिनीनें आपण होऊन बाहेरचा निःपक्षपाती मनुष्य नेमावा, दोहों बाजूंचें ऐकावें, तोंवर आसन रिकामें ठेवावें, आणि जें ठरेल तें, नांवें झांकून कां होईना, प्रेक्षकांस सांगावें.

समितीविषयींचा फलक ठळक जागीं लावावा अशीही आज्ञा त्या कायद्यांत आहे. तो इंग्रजींतच असला, तर परभणीहून गाण्यास आलेल्या मुलीस त्याचा काय उपयोग? मराठींत व हिंदींत दोन कागद छापून मेकअपच्या खोलीच्या दाराशीं चिकटविण्यास कोणत्याही वाहिनीस फार खर्च येत नाहीं.