तापलेले पाणी

काजूचा हंगाम आणि विहिरीचा तळ यांची गाठ गोव्यात दरवर्षी पडते. बोंडे मार्चपासून मेपर्यंत गळतात, आणि नेमक्या याच महिन्यांत विहिरीतली घागर खडकाला घासू लागते. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याची ही ओढ का, असे बाहेरचा माणूस विचारतो. उत्तर पायाखालच्या जांभ्यात आहे. हा सच्छिद्र दगड चार महिने पाणी पितो आणि पुढे ते खालच्या अंगाला सोडत राहतो. उतारावरच्या घरांना शिमगा सरला की दोराची लांबी वाढवावी लागते. याच दिवसांत भट्टी लागते, आणि भट्टीला थंड पाणी हवे असते.

इंदूर-बडोद्याकडच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगायला हवे. बोंडे दगडी कुंडीत पायांनी तुडवून निघालेला रस, म्हणजे निरो, दोन-तीन दिवस आंबवतात. तो भाणात घालून खाली जाळ करतात. वाफ नळीवाटे दुसऱ्या बंद मडक्यात जाते आणि तेथे निवून थेंबाथेंबाने साचते. पहिल्या उतरणीची ती हुर्राक. हुर्राकीत निरो मिसळून पुन्हा उतरवली की फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तिच्या वासाविषयी आणि वारशाविषयी पुष्कळ लिहिले गेले; तिला लागणाऱ्या पाण्याविषयी काही लिहिलेले आमच्या वाचनात आले नाही. वस्तुतः वाफ धरणारे भांडे थंड राहिले नाही, तर साऱ्या हंगामाची मेहनत हवेत जाते. पूर्वी एक माणूस मडक्यापाशी बसून त्यावर सतत पाणी ओतत असे; आता पुष्कळ ठिकाणी तांब्याची वेटोळी नळी पाण्याच्या टाकीत बुडवलेली असते. साधन बदलले, हिशेब बदलला नाही. वाफेतली उष्णता कोणीतरी घ्यावीच लागते. पाणी 30 अंशांनी तापू द्यायचे म्हटले, तर एक लिटर फेणी निवायला सुमारे 15 लिटर पाणी लागते. हुर्राकीत पाण्याची वाफ अधिक, म्हणून तिला सुमारे 18. शिवाय फेणीच्या प्रत्येक लिटरामागे आधीच्या उतरणीचा खर्च असतोच.

आमच्या घराची काजूची बाग भट्टीवाल्याला खंडाने दिलेली असे. परवाना त्याचा, भाण त्याचे, जाळ त्याचा. विहीर मात्र आमची. घरात दारूचे नाव निघत नसे आणि थोरले काका भट्टीच्या वाटेनेही जात नसत. खंडाच्या पैशाचा मात्र सोवळ्याला कधी विटाळ झाला नाही. 1980 च्या दशकातल्या एका उन्हाळ्यात विहिरीला घागरभर पाणी साठायला तास तास लागू लागला, तेव्हा काकांनी भट्टीवाल्याला बोलावून सुनावले की देवाच्या अभिषेकाला पाणी उरत नाही आणि तू ते दारूवर उधळतोस. तो अंगणात उभा राहून शांतपणे म्हणाला, "भाटकार, पाणी मी संपवत नाही, नुसते तापवतो." काकांना हा उद्धटपणा वाटला. आम्हा मुलांना हसू आले. त्या वाक्यात एक खरा प्रश्न होता, हे ध्यानात यायला आम्हाला पुष्कळ वर्षे लागली.

पाणी 'वापरले' असे आपण केव्हा म्हणतो? आपल्या जुन्या घरांत पाण्याचे कप्पे दोनच: भरलेले आणि सांडलेले. एकदा कोणत्याही कामाला लागले की ते मोरीचे झाले. ताटे धुतलेल्या पाण्याला हा न्याय योग्यच आहे, कारण त्यात दुसऱ्या पदार्थाचा अंश मिसळतो. पण वेटोळ्याभोवतीच्या पाण्याला मद्याचा स्पर्शही झालेला नसतो; मधे तांब्याची भिंत असते. त्याने फक्त उष्णतेचे ओझे उचललेले असते. हमालाच्या पाठीवरचे पोते उतरवले की हमाल पुन्हा कामाला मोकळा होतो. ओझे वाहिले म्हणून त्याला कोणी हाकलून देत नाही. तापलेले पाणी ओहोळात सोडणारा माणूस नेमके तेच करतो, आणि त्याला आपण काही गमावले असे वाटतही नाही, कारण 'वापरलेले' हा शब्द त्याच्या मदतीला धावून येतो.

काकांचा आक्षेप याहून खोल होता, हेही मान्य केले पाहिजे. ज्या कामाचा हेतूच त्यांना अमान्य, त्यात केलेल्या काटकसरीला सद्गुण कसे म्हणावे? चोराने पावले न वाजवता चालावे, तसे ते. आम्ही या आक्षेपापाशी बराच काळ अडून राहिलो. दारूने घरे मोडलेली आम्हीही पाहिली आहेत आणि येथे फेणीची वकिली करण्याची इच्छा नाही. पण काकांच्या युक्तिवादात एक गल्लत आहे. पाणी राखण्याचे देणे मद्याला नाही, मद्य पिणाऱ्यालाही नाही. ते विहिरीवर उद्या सकाळी घागर घेऊन येणाऱ्याला आहे. त्याच्या दृष्टीने अभिषेकाला उधळलेली घागर आणि भट्टीवर उधळलेली घागर यांत काही फरक नाही. हेतू शुद्ध असला की उधळपट्टी माफ होते, अशी आमच्या घरात समजूत होती, आणि आमच्या मते तीच अधिक महाग पडली. आमच्या न्हाणीघरातले पाणी कोणी कधी मोजले नव्हते.

खंडाच्या करारात झाडे होती, मुदत होती, रक्कम होती. पाण्याचा उल्लेखच नव्हता. ज्याचा हिशेब ठरलेला नाही ते जपण्याची जबाबदारी आम्ही एकट्या भट्टीवाल्यावर टाकली आणि दोषही त्यालाच दिला.

त्याने मात्र काम केले. दुसऱ्या हंगामाआधी चिऱ्याची एक उथळ, रुंद टाकी त्याने मांगराच्या पाठीमागे सावलीत बांधली. तापलेले पाणी वर येते, गार पाणी तळाशी राहते, हे त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते. तो भट्टीच्या टाकीच्या माथ्यावरून पाणी काढून घेई आणि तळाशी गार पाणी सोडी. काढलेले पाणी उथळ टाकीत रात्रभर पसरून राही व सकाळी पुन्हा कामाला येई. हे फुकट होत नाही. पाणी निवते ते मुख्यतः स्वतःचा अंश वाफ होऊ देऊन. ढोबळ मानाने शंभर लिटरांतले एक लिटर गेले की बाकीचे सहा अंशांनी गार होते. म्हणजे 30 अंश उतरवायला फार तर पाच लिटर. पंधरा लिटर ओतून देण्याऐवजी लिटरभराहून कमी गमावायचे, एवढाच हा व्यवहार. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत पाणी सावकाश निवते, म्हणून टाकी रुंद हवी आणि उतरणी घाईने लावता येत नाहीत. घाई असणाऱ्याला हा मार्ग परवडत नाही. बहुतेक उधळपट्टीच्या मुळाशी आम्हाला घाईच दिसली आहे.

एक काळजी तो कटाक्षाने घेई. उतरणीनंतर भाणात उरणारा आंबट, कढत चोथवणी आणि भांडी विसळलेले पाणी यांचा पाट त्याने वेगळा ठेवला होता. ते ओहोळात गेले तर मासे मरतात, मुळांशी गेले तर झाड कोमेजते. हे पाणी खरोखरच वापरलेले. दोन्ही पाणी एकाच पाटात गेले असते तर पहिलेही दुसऱ्याच्या योग्यतेला उतरले असते.

हंगाम संपला की टाकीतले निवलेले पाणी तो आमच्या पोफळींना सोडी. मे महिन्यातही त्या ओळीची झावळे हिरवी राहत. काकांनी त्या पोफळींची सुपारी देवाच्या विड्याला कधी लावली नाही. ती वेगळ्या पोत्यात भरून बाजारात जाई, आणि तिचा पैसा घरात येई.