शिकवायला आलेल्यांचे शिकणे

धर्मप्रसारासाठी घर सोडून परमुलखात राहणाऱ्या मिशनऱ्याकडून नम्रता आणि श्रद्धा या दोन गुणांची अपेक्षा सर्वांत आधी केली जाते. परंतु त्यांपैकी नम्रता त्याच्या कामाच्या स्वरूपाशीच झगडणारी आहे, कारण आपल्याजवळ काही आहे व समोरच्याजवळ ते नाही, या खात्रीशिवाय सहसा कोणी समुद्र ओलांडत नाही, आणि ती खात्री जितकी पक्की तितकी नम्रतेला जागा कमी उरते. येथे नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे, तर आपण देणारे तसेच घेणारेही आहोत हे ओळखणे होय. आणि श्रद्धा म्हणजे विशिष्ट मतांना होकार नव्हे, तर उद्याची तजवीज हाती नसतानाही आजचे काम चालू ठेवण्याइतका ईश्वरावरचा भरवसा. हे गुण प्रवचनांतून क्वचितच अंगी बाणतात. पाणी, वाट, भाषा आणि हिशेब यांसाठी दुसऱ्यावर विसंबावे लागते, तेव्हाच त्यांचा खरा अभ्यास सुरू होतो.

बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि चौक, खालापूर, खोपोली या वाटेने घाट चढे. कलकत्त्याचे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे, बिशप रेजिनाल्ड हीबर १८२५ मध्ये याच वाटेने पुण्यास गेले. भारत पाहण्यापूर्वी, १८१९ मध्ये, त्यांनी मिशनकार्यासाठी एक स्तोत्र रचले होते. त्यात परक्या देशांच्या निसर्गाची स्तुती आणि तेथील माणसांविषयीची तुच्छता एकाच दमात आली आहे. खोपोलीत त्यांच्या वाटेवर नाना फडणविसांनी बांधवलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर होते, म्हणजे ज्यांच्या अज्ञानाची कीव करायची त्यांनीच वाटसरूच्या पाण्याची सोय करून ठेवली होती. हीबर यांच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीत मात्र या देशातील माणसांच्या सौजन्याचे आणि बुद्धीचे कौतुकही आढळते. पण सभांतून गायिले गेले ते स्तोत्र, रोजनिशी नव्हे. हीबर यांच्या त्या प्रवासानंतर शंभर वर्षांनी, १९२५ मध्ये, कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींना त्याच स्तोत्राची आठवण करून द्यावी लागली आणि आपल्याला माणसे तशी आढळली नाहीत, हे सांगावे लागले.

तथापि नम्रतेची मागणी करणाऱ्यांना पुष्कळदा नम्रता नव्हे, तर आज्ञापालन हवे असते, आणि हा फरक पंडिता रमाबाईंच्या चरित्रात जितका उघड होतो तितका क्वचितच इतरत्र होतो. संस्कृतच्या अधिकारावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती निमूटपणे मानली नाही. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करण्यासाठी आपण धर्म बदललेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला दोघींचा पत्रव्यवहार आज वाचताना मात्र पत्रांतील अहंकार नेमका कोणाचा, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

रमाबाईंची खरी उमेदवारी नंतरची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त नव्हे. म्हणजे जे बुद्धीने पटले होते त्यावर आयुष्याचा भार टाकण्याचे अद्याप बाकी होते. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि पुढच्याच वर्षी घाटापलीकडे पुण्यास नेलेले त्यांचे शारदासदन १८९३ मध्ये वादात सापडले आणि मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते या आक्षेपावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यानंतर, खोपोलीच्या डोक्यावरच्या लोणावळ्यात ख्रिस्ती लोकांचे जे प्रार्थनामेळावे भरत, त्यांतील १८९६ च्या मेळाव्यास रमाबाई पंधरा मुलींना घेऊन गेल्या आणि त्या पंधरांच्या पंधरापट, म्हणजे २२५, मुली मिळाव्यात अशी प्रार्थना त्यांनी केली. गणित धाडसाचे होते आणि आजच्या वाचकाला ते थोडे विचित्रही वाटेल. त्याच वर्षी दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या, आणि मागितले ते देण्याआधी देणाऱ्याने अंगावर कामाचा डोंगर ठेवला.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनात या पंडितेला वेदान्ताचा उपयोग थोडा आणि विहिरींचा अधिक झाला. ठरावीक उत्पन्नाची हमी न धरता ईश्वरावर विसंबून संस्था चालवण्याच्या या रीतीचा एक आदर्श ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांची अनाथालये हा होता. परंतु अशा भरवशाचा अर्थ हात जोडून बसणे असा केडगावात कधीच झाला नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल लिपी यांचा तेथे व्याप होता, आणि साध्या ग्रामीण स्त्रीला कळेल अशा मराठीत रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, तेथेच छापून पूर्ण झाले. ज्या बाईने बिशपांपुढे मान तुकवली नाही तिने खरूज झालेल्या, उपाशी, कधी शिव्या देणाऱ्या मुलींच्या वेळापत्रकापुढे तुकवली. नम्रता हा शब्द वापरायचाच तर तो येथे वापरावा.

तरीही रानडे आणि भांडारकर यांचा आक्षेप या थोरवीने निकालात निघत नाही. उपाशी माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न अन्न देणाऱ्याच्या हेतूच्या शुद्धतेवर सुटत नसतो, कारण हेतू दात्याच्या मनात असतो आणि अडचण घेणाऱ्याच्या पोटात. धर्मसेवा करणाऱ्यांपैकी अनेकांना ही अडचण दिसतच नाही, आणि धर्मांतराच्या विरोधकांपैकी अनेकांना केवळ तीच दिसते, ती भूक दिसत नाही.

त्याच बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढणारी आणि आता शासनाच्या नोंदीत विशेष असुरक्षित आदिवासी गट ठरलेली ही जमात पावसाळ्यातल्या टंचाईत वीटभट्टीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेते आणि दिवाळीनंतर कुटुंबासह भट्टीवर जाते. शाळेचे वर्ष मात्र जून ते एप्रिल असल्याने मुलांची नावे पटावर आणि मुले भट्टीवर, अशी अवस्था होते. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात मुलांना शाळेकडे बोलावण्याऐवजी शाळाच भट्टीवर नेली आणि भोंगाशाळा, म्हणजे भट्टीवरच्या झोपड्यांतील शाळा, भरवल्या. ती संस्था मिशनरी नव्हती, पण आपले कॅलेंडर बाजूला ठेवून दुसऱ्याचे स्वीकारण्याचा जो धडा केडगावने दिला तोच तिने गिरवला. भूक पाहून उचल देणारा मालक आणि भूक पाहून धान्य देणारा सेवक, पाद्री असो, स्वामी असो वा पक्षाचा कार्यकर्ता, यांच्यातला भेद त्यांच्या भाषणांत शोधण्यापेक्षा त्यांच्या वह्यांत शोधणे सोपे आहे: ज्या कुटुंबाने प्रार्थनेला, भजनाला किंवा सभेला येण्यास नकार दिला, त्याचे नाव पुढच्या महिन्याच्या धान्याच्या यादीत कायम आहे की खोडलेले आहे, एवढेच तेथे पाहायचे असते.