पाठीमागचा दिवा

मनुष्य डोळ्यांसमोरच्या कर्तव्यास सहसा चुकत नाही. चुकतो तो पाठीमागच्या. मुळशीच्या जलाशयाच्या कडेने ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आषाढातील दाट धुक्यात, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. तेथे पुढल्या गाडीचा तांबडा दिवा हाच काय तो मागच्याचा आधार.

मोटारीचा पुढचा दिवा विझला की चालकास तत्काळ कळते, कारण त्याचीच वाट अंधारते. ब्रेकचा दिवा विझल्याचे जुन्या गाडीत त्यास बहुधा कळतच नाही. तो दिवा त्याच्यासाठी नसतोच; मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो.

दोष शोधणे कठीण नाही. दोन्ही दिवे लागत नसतील तर फ्यूज व ब्रेकच्या पेडलाजवळचा स्विच पाहावा. एकच लागत नसेल तर बल्ब, त्याची बैठक किंवा गंजलेली अर्थिंगची तार. पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बात दोन तंतू असतात: ५ वॅटचा रात्रीच्या मंद उजेडाचा आणि २१ वॅटचा ब्रेकचा. म्हणून मागे तांबडे दिसते एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. कोणास तरी मागे उभे करावे. कोणी नसल्यास सांजवेळी भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करावी, पेडल दाबावे व भिंतीवरचा उजेड आरशात पाहावा.

आता कोणी म्हणेल, मागच्याने अंतर राखावे, तो त्याचा धर्म. खरे, परंतु त्याच्या धर्माने आमचा धर्म फिटत नाही. दुसरा म्हणेल, ‘दिवा बंद आहे हे मला ठाऊकच नव्हते.’ हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वचिंतकाने १८७७ साली एका जहाजमालकाचे उदाहरण दिले. जुने जहाज न तपासता, ते धड आहे अशी मनाची समजूत घालून, त्याने ते प्रवाशांसह समुद्रात लोटले. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोचते तरी तो दोषीच ठरता. कारण तसे मानण्याचा अधिकार त्याने तपासणी करून मिळविला नव्हता.

जे कळणे अशक्य, त्याचे अज्ञान क्षम्य होय. जे दोन मिनिटांत कळते, त्याचे अज्ञान हे अज्ञान नव्हे. ती निवड होय. आपल्या वर्तनाचा जो भाग आपणांस दिसत नाही, तोच दुसऱ्यास सोसावा लागतो. तेव्हा तो दुसऱ्यास विचारून पाहण्यात कमीपणा कसला?