शेजारचा विस्तव

आगपेटी घरोघर आली नव्हती तेव्हा चुलीतला विस्तव रात्री राखेखाली जपून ठेवण्याची रीत होती. एखाद्या सकाळी तो विझलेला निघाला, तर घरातले पोर खापरी घेऊन शेजारी पळे आणि शेजारीण दोन निखारे देई. चार दिवसांपूर्वी तिनेच आपल्याकडून विस्तव नेला होता, हे दोन्ही घरांना ठाऊक असे. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नसे. चुलीच्या बाबतीत इतकी सोपी असलेली ही गोष्ट धर्माच्या बाबतीत मात्र फार अवघड होऊन बसते. आपण ज्याला दिले, त्याच्याच दारी जाऊन ते परत मागावे काय? आणि मिळाले, तर ते आपले म्हणावे की परक्याचे? हा प्रश्न नुसता तर्काचा नाही. कित्येक बायकांचे उभे आयुष्य त्याच्या उत्तरावर अडून राहिले.

कथेचा आरंभ आपल्या देशातला आहे. अशोकाचा मुलगा महेंद्र लंकेत धर्म सांगायला गेला, तेव्हा तिथल्या उपराजाची राणी अनुला आणि तिच्याबरोबरच्या शेकडो स्त्रिया यांनी प्रव्रज्या मागितली. 'महावंस' सांगतो, की महेंद्राने हात जोडले. स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकार मला नाही, माझी बहीण पाटलिपुत्रात आहे, तिला बोलावून घ्या, असे तो म्हणाला. मग संघमित्रा निघाली. ताम्रलिप्तीच्या बंदरात अशोक गळ्याएवढ्या पाण्यात उतरला आणि बोधिवृक्षाची फांदी त्याने स्वतः गलबतावर चढवली. चित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो आणि तो आहेही तसाच. पण मला त्यात अनुला अधिक दिसते. संघमित्रा येईपर्यंत ती काषाय वस्त्रे नेसून, दहा शिले पाळीत, वेगळ्या आवारात वाट पाहत राहिली. ना धड गृहिणी, ना धड भिक्षुणी. तिची ही स्थिती ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा येणार आहे.

संघमित्रा स्वतः संसार करून बाहेर पडलेली होती. तिचा मुलगा सुमन श्रामणेर होऊन मामाबरोबर आधीच लंकेला गेला होता. आपल्याकडे आई धर्मासाठी घर सोडते म्हटले की भुवया वर जातात, बापाने सोडले तर त्याचा आपण चरित्रग्रंथ करतो. असो. तिने आणलेली फांदी अनुराधपुरात लागली. सव्वादोन हजार वर्षे लोटली, तरी त्या झाडाची पूजा अजून चालू आहे.

विस्तव इथेच थांबला नाही. इसवी सन ४२९ मध्ये नंदी नावाच्या नाखव्याच्या गलबतातून लंकेच्या काही भिक्षुणी चीनच्या राजधानीत, म्हणजे आजच्या नानजिंगमध्ये उतरल्या. चीनमध्ये भिक्षुणी होत्या, पण त्यांना दीक्षा फक्त भिक्षूंनी दिलेली होती. पाहुण्यांनी विचारले, तुमच्याकडे पूर्वी बाहेरून भिक्षुणी आल्या होत्या काय? नसतील, तर दोन्ही संघांकडून उपसंपदा झाली कशी? हुइ-कुओ नावाच्या चिनी भिक्षुणीच्या मनात हा प्रश्न रुतून बसला. काश्मीरहून आलेल्या गुणवर्म्याने तिला समजावले, की महाप्रजापतीच्या वेळी तरी भिक्षुणीसंघ कुठे होता? तुमची दीक्षा खोटी नव्हे. पण पुन्हा घ्याल तर तिला अधिक बळ येईल. विधीला लागणारी संख्या मात्र भरत नव्हती. लंकेच्या स्त्रियांनी तोवर चिनी भाषा शिकून घेतली. ४३३ मध्ये त्याच नंदीने दुसरी तुकडी आणली. तिची प्रमुख देवसारा. त्या वेळी तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांनी नव्याने उपसंपदा घेतली. चीनची ही परंपरा पुढे कोरियात गेली, तैवानात गेली आणि टिकली.

लंकेत मात्र ती विझली. अकराव्या शतकात चोळांच्या स्वाऱ्यांनी अनुराधपूर उद्ध्वस्त झाले. भिक्षूंचा संघ मोडला आणि भिक्षुणींचाही. पुढे विजयबाहूने राज्य परत मिळवले आणि ब्रह्मदेशातून भिक्षू आणवून पुरुषांचा संघ पुन्हा उभा केला. तो धागा पुढे आणखी एकदा तुटला, तेव्हा १७५३ मध्ये सयामहून उपाली थेर आले आणि त्यांनी तो पुन्हा जोडला. दोन्ही देशांना लंकेने एके काळी धर्म पुरवला होता. आपल्याच शिष्यांकडून घेण्यात तेव्हा कुणाला संकोच वाटला नाही. भिक्षुणींसाठी मात्र कुणी गलबत धाडले नाही. सुमारे हजार वर्षे लंकेच्या धर्मशील स्त्रिया अनुलेच्याच पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांना 'दशशील माता' म्हणत. दहा शिले पाळायची, वस्त्रेही नेसायची, पण भिक्षुणी म्हणवून घ्यायचे नाही.

विरोध करणारे जे म्हणतात ते पोकळ नाही, हे कबूल केले पाहिजे. ब्रह्मदेशाचा आणि सयामचा विनय लंकेचाच होता. चीन-कोरियाच्या भिक्षुणी धर्मगुप्त पंथाचा विनय मानतात. नियम थोडे निराळे, वस्त्रे निराळी, मधल्या काळात पंथही दूर गेलेले. वाटेत निखाऱ्याला दुसरी राख लागली, आता तो आमच्या चुलीत कसा चालेल, असा हा युक्तिवाद आहे. परंपरा जपणाऱ्या माणसाची ही भीती मला समजते. सोयीसाठी आज एक नियम वाकवला, तर उद्या दुसरा वाकेल.

पण मुळात तो नियम कशासाठी झाला, हे विनयातच नोंदलेले आहे. उपसंपदेआधी उमेदवाराला शरीराच्या व्याधींविषयी प्रश्न विचारावे लागत. भिक्षूंसमोर त्यांची उत्तरे देताना स्त्रिया लाजत, गप्प राहत. तेव्हा बुद्धाने सांगितले, की आधी भिक्षुणींनी विचारावे आणि मग भिक्षुसंघाने दीक्षा द्यावी. म्हणजे बाईची कुचंबणा होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. तीच शेवटी तिच्या वाटेतली भिंत झाली. बाईला विचारायला बाई उरली नाही, म्हणून आता कुणालाच दीक्षा नाही! नियम पाळताना त्याच्या पोटातली माया अशी हरवली, तर पाळले ते नक्की काय?

अखेर १९९६च्या डिसेंबरात लंकेच्या काही दशशील मातांनी कोरियन संघाकडून सारनाथला उपसंपदा घेतली. त्यांत कुसुमा नावाच्या विदुषी होत्या. १९९८ मध्ये बोधगयेला तैवानच्या पुढाकाराने अनेक देशांच्या स्त्रियांना दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी लंकेत दांबुल्ल येथे लंकेच्याच संघाने हे काम आपल्या हाती घेतले. सारनाथच्या विहारापाशी जो बोधिवृक्ष आहे, त्याचे रोप १९३१ मध्ये अनुराधपूरच्या झाडावरून आणलेले आहे. झाड परत आणताना कुणी हरकत घेतली नव्हती.

आपण मराठी माणसांनी तरी या घेण्याला नाक मुरडू नये. कान्हेरीच्या आणि कुडा येथील लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणींचे उल्लेख दगडात कोरलेले आहेत; पण ते पुसट लेख वाचायची वेळ आली तोवर इथला धर्म विस्मृतीत गेला होता. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला १९०२ मध्ये लंकेलाच गेले, तिथे श्रामणेर झाले, आणि मग त्यांनी आपल्याला मराठीत बुद्ध सांगितला. जे महेंद्राने तिकडे नेले होते, तेच त्यांनी माघारी आणले. ते उसने आहे असे मराठी वाचकाला कधी वाटले नाही.

थायलंडमध्ये प्रश्न अजून मिटलेला नाही. १९२८ मध्ये तिथल्या संघराजांनी स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्षूंना मनाई केली. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या छात्सुमान काबिलसिंग २००३ मध्ये लंकेत जाऊन भिक्षुणी धम्मनंदा झाल्या. त्यांच्या आईने त्याआधीच, १९७१ मध्ये, तैवानात उपसंपदा घेतली होती. आईला जो विस्तव तैवानातून आणावा लागला, तो लेकीला लंकेत मिळाला, एवढाच एका पिढीतला फरक. नाखोन पाथोम येथे आईने उभारलेल्या विहारातून धम्मनंदा भिक्षेला निघू लागल्या. सरकारी कागदावर त्या भिक्षुणी नाहीत, पण सकाळी दारात भात घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांनी त्यांना कागद विचारला नाही.