चपळाई आणि अचूकपणा

घड्याळ लावून बुद्धीची परीक्षा घेतली म्हणजे वेग आणि अचूकपणा हे दोन भिन्न गुण एकाच आंकड्यांत कालविले जातात. कोणास किती मान द्यावयाचा हा प्रश्न गणिताचा भासतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

घनसावंगी तालुक्यांतील पांचवीचीं मुलें नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसतात. दोन तासांत 80 प्रश्न, प्रत्येकास चार पर्याय. बरोबर उत्तरास सव्वा गुण, चुकीबद्दल वजावट नाहीं. जिल्ह्याच्या विद्यालयांत जागा फार तर 80. समजा, दोन मुलांनीं 64 प्रश्न बरोबर सोडविले आणि वेळ संपत आली. एकानें उरलेले 16 कोरे ठेविले; दुसऱ्यानें न वाचतांच वर्तुळें काळीं केलीं. चारांत एक या मानानें त्याचीं सरासरी चार उत्तरें बरोबर येतील, म्हणजे पांच गुण अधिक. ज्ञान तेवढेंच, पण राहण्याजेवण्याची फुकट सोय असलेली शाळा एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हातून तेवढ्यानें जाऊं शकते. ठाऊक नाहीं तें ठाऊक असल्याचें भासवूं नये, असें आपण वर्गांत शिकवितों आणि परीक्षेंत त्याचीच शिक्षा देतों!

चुकीस तृतीयांश गुण कापले तर अंदाजाचा सरासरी लाभ नाहींसा होतो, हें खरें. राज्य लोकसेवा आयोग चतुर्थांश कापतो. त्या हिशेबानें 16 प्रश्नांवर एका प्रश्नाएवढा लाभ तरीहि उरतोच. परंतु दहा वर्षांच्या मुलास वजावटीचा धाक घातला कीं भित्रें मूल येत असलेलें उत्तरहि सोडून देतें. मग मोजली जाते ती बुद्धि नव्हे, छाती.

टंकलेखकाचा वेग मोजणें रास्तच आहे, तो त्याच्या धंद्याचा भाग आहे. सहावींत जाणाऱ्या मुलानें दर दीड मिनिटास एक प्रश्न उरकावा, ही निकड कोणाची? याच तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. त्यांच्या दासबोधांत लेखनक्रियेवर एक समास आहे. ग्रंथाचें पहिलें आणि शेवटलें अक्षर सारखेंच दिसावें, असा त्यांत आग्रह आहे. घड्याळाखालीं भरलेल्या उत्तरपत्रिकेचें शेवटलें पान पाहिलें म्हणजे याची आठवण होते.

वेळ वाढवावा हा उत्तम मार्ग. तो परवडत नसेल, तर कोऱ्या प्रश्नास चतुर्थांश गुण द्यावा. अंदाजानें सरासरी तेवढेच मिळतात आणि भित्र्या मुलासहि धाक राहत नाहीं. सबंध कोऱ्या पत्रिकेस 25 गुण, हें ऐकून कोणी हंसेल. डोळे मिटून भरलेल्या पत्रिकेस आजहि सरासरी तेवढेच पडतात.