समासातून मध्यावर आलेले झाड

जुन्या थडग्यांवर कोरलेल्या फुलापानांचा अर्थ सांगण्याची एक सोपी रीत रूढ झाली आहे. लिली म्हणजे पावित्र्य, आयव्ही म्हणजे न सुटणारी आठवण, गव्हाची पेंढी म्हणजे पिकलेले आयुष्य, मोडलेली कळी म्हणजे अकाली गेलेले मूल. यातले काही खरेही आहे. पेंढीची उपमा बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातून आली आहे आणि कळीला तर कुठला कोशही लागत नाही. तरीही अशी यादी हाताशी धरून दफनभूमीत फिरणारा माणूस मुख्य गोष्टीला मुकतो, असे मला ठामपणे वाटते. वनस्पती शिळेवर कुठे कोरली आहे, तिच्याखाली कोणते शब्द आहेत आणि ती कोणाला हटवून तिथे आली, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये, तिथल्या झुकलेल्या विलो या झाडाच्या रूपात उभा आहे.

तिथल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या शिळा बहुतेक पाटीच्या दगडाच्या आहेत. काळसर, सपाट, कडक. छिन्नीची बारीक रेघही त्यावर टिकते, म्हणून तीनशे वर्षांनंतरही त्या वाचता येतात. माथा अर्धगोल, आणि त्या अर्धगोलात सुरुवातीला बहुधा एकच चित्र असे: दात विचकलेली कवटी आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेले पंख. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफ्सन या अभ्यासकांनी 1960च्या दशकात पूर्व मॅसॅच्युसेट्समधल्या शिळांची सालवार मोजणी केली. प्रत्येक शिळेवर मृत्यूचे वर्ष कोरलेले असल्यामुळे इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो. मोजणीतून क्रम स्पष्ट झाला. आधी कवटी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या जागी पंख असलेला गुबगुबीत मानवी चेहरा, आणि शतक संपता संपता कलशावर झुकलेला विलो. वनस्पती त्याआधी शिळेवर नव्हत्या असे मुळीच नाही. कवटीच्या काळातही दोन्ही कडांच्या पट्ट्यांत वेली, पाने, फळे कोरलेली सापडतात. पण ती समासात होती. मध्यावर मरण होते आणि हिरवाई त्याची किनार होती. विलोने नेमकी ती मधली जागा घेतली. कवटीचे पंख जिथे पसरत, तिथे आता फांद्या खाली ओघळू लागल्या.

चित्राबरोबर शब्दही बदलले, आणि माझ्या मते हाच निर्णायक पुरावा आहे. कवटीखालचा मजकूर बहुधा ‘इथे अमक्याचा देह पुरला आहे’ अशा अर्थाचा असे. विलोखाली देह नाहीसा होतो. शिळा आता अमक्याच्या ‘स्मृतीला’ वाहिलेली असते. कलशाचेही तसेच. आपल्याकडे अस्थिकलश ही हातात धरायची, नदीपर्यंत न्यायची वस्तू आहे. न्यू इंग्लंडमध्ये मृतांना पुरत. राख नव्हतीच, म्हणजे तो कोरलेला कलश कायमचा रिकामा. देह गेला, राखही नाही. उरले ते झुकलेले झाड, म्हणजे मागे राहिलेल्याची मुद्रा. कवटी पाहणाऱ्याला सांगत होती की तूही मरशील. विलो मरणाऱ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो रडणाऱ्याबद्दल सांगतो.

यावर पहिला आक्षेप असा की पाथरवट एकमेकांच्या नकला करत आणि गिऱ्हाईक समोर असेल ती शिळा घेई. त्यात कसली आली श्रद्धा? नकला होत होत्या, हे खरेच आहे. पण नक्कल हे चित्र एका गावातून दुसऱ्या गावात कसे गेले एवढेच सांगते. पिढ्यान् पिढ्या चाललेली कवटी त्याच काळात लोकांना नकोशी का झाली, हे ती सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हर्क्युलेनियम आणि पाँपेई या प्राचीन रोमन शहरांचे उत्खनन झाल्यावर युरोप-अमेरिकेत ग्रीक-रोमन वळणाची लाट आली, विलो हा तिचाच भाग. कलशापुरते हे मान्य करायलाच हवे. पण प्राचीन रोमच्या थडग्यांवरून उचलावा असा झुकलेला विलो तिथे नाही. कलश जुन्याकडून उसना घेतला; झाड मात्र त्या पिढीने स्वतःच्या गरजेपोटी जोडले. 1799च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन वारले, तेव्हा शाळकरी मुली रेशमी धाग्यांनी हेच कलश-विलोचे शोकचित्र भरू लागल्या. पाथरवटाच्या अंगणापुरती ती फॅशन असती, तर घरातल्या सुईपर्यंत पोचली नसती.

उरला फुलांचे अर्थ सांगणारा कोश. फुलांच्या भाषेचे सर्वांत गाजलेले पुस्तक, शार्लोत द लातूर या नावाने पॅरिसमध्ये निघालेले, 1819चे आहे. तोवर विलो शिळांवर रुळला होता, म्हणजे त्याचा अर्थ पुस्तकातून आलेला नाही. तो नावातूनही आलेला नाही, कारण विलोच्या शास्त्रीय नावात एक चूक दडली आहे. बायबलमधल्या एका स्तोत्रात बाबिलोनच्या नद्यांकाठी निर्वासित यहुदी ज्या झाडांवर आपली वाद्ये टांगतात, ती इंग्रजी भाषांतरात विलो झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने विलोला बाबिलोनचे नाव दिले. प्रत्यक्षात झाड मूळचे चीनचे, आणि स्तोत्रातली झाडे बहुधा युफ्रेटिसकाठचे पॉप्लर. म्हणजे अर्थ झाडाच्या वंशात नव्हता. तो त्याच्या आकारात पाहिला गेला. आपल्या नदीकाठचा वाळुंज याच कुळातला, पण त्याच्या फांद्या अशा ओघळत नाहीत, आणि त्याला कोणी शोकाचे झाड म्हटल्याचे ऐकिवात नाही.

शिळेवरच्या झाडापाठोपाठ खरी झाडेही आली. 1831मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न ही दफनभूमी उघडली. तिच्यामागे जेकब बिगेलो हा वैद्य होता, जो वनस्पतिशास्त्रज्ञही होता, आणि मॅसॅच्युसेट्सची उद्यानविद्या संस्था होती. गावातल्या चर्चलगतच्या दाटीऐवजी थडगी आता टेकड्या, तळी आणि खऱ्या झाडांमध्ये मांडली गेली. पंख असलेल्या कवटीसमोर माणूस उभा राहून वाचत असे. इथे तो वळणावळणाच्या वाटेने येई आणि झाडाखाली बसून राही.