आधी एक स्पिंडल सांभाळ

खाली बस. तो गुळगुळीत कॅटलॉग मिटव आणि मी बोलतोय ते नीट ऐक. दोन स्पिंडलचं मशिन घेतलं की विमानाचे जॉब दुप्पट निघतील, हे तुला कोणी सांगितलं? मशिन विकणाऱ्याने. आणि तेवढ्यावर तू अंबडची शेड गहाण टाकायला निघालास! आयटीआयमध्ये मी तुला हिशेब शिकवला नव्हता का?

मांड मग हिशेब. तुझ्या त्या ॲल्युमिनियमच्या रिबला कटिंगची ३० मिनिटं, लावायला-काढायला १०. आज दोन जॉबना ८० मिनिटं जातात. दोन स्पिंडल एकदम फिरले, तरी दोन्ही जॉब लावावे-काढावे लागणारच. म्हणजे ५० मिनिटं. दुप्पट कुठे झालं? आता पुढे बघ. मापाचं सीएमएम तुझ्याकडे एकच, आणि तिथे एका जॉबला ४० मिनिटं लागतात. दोन जॉबना पुन्हा ८०च. एवढं कर्ज काढून तुझ्या दारातून दिवसाला एकही जॉब जास्त बाहेर पडणार नाही. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जाईल.

मागच्या महिन्यात तुझ्या पोराने टूल बदललं, लांबी मोजली नाही आणि जॉब भंगारात गेला. त्या दोन स्पिंडलच्या मशिनवर प्रत्येक स्पिंडलच्या टूलची लांबी वेगळी, झीज वेगळी, ऑफसेट वेगळा. एक ऑफसेट सांभाळता येत नाही, तो दोन काय सांभाळणार? आणि प्रोग्राममध्ये चूक राहिली तर एका फटक्यात दोन जॉब जातील. या कामात प्लेटचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कित्येकदा कीस होऊन जातो. शेवटच्या पासला जॉब गेला, तर महागडी प्लेट आणि तोवरची मेहनत दोन्ही गेली.

मे महिन्यात तुझ्या पत्र्याखाली ३८ अंश असतात. माप धरायचं ते २० अंशांवर. ॲल्युमिनियम मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. १८ अंशांचे झाले ४१४ मायक्रॉन, आणि तुझ्या ड्रॉइंगवर टॉलरन्स आहे ५०! मापाची खोली थंड नाही आणि चाललाय स्पिंडल वाढवायला. आधी कळस मग पाया, दुसरं काय?

वर म्हणतोस, टायटॅनियमचे ब्रॅकेटही त्याच स्पिंडलवर काढू. अरे, ॲल्युमिनियमला वेग लागतो, टायटॅनियमला कमी वेग आणि जोर. त्याच्यातून उष्णता लवकर वाहून जात नाही, ती टूलच्या टोकाशीच साठते. वेगासाठी बनवलेला स्पिंडल तिथे टूल खात बसेल. शिवाय मशिन आणि प्रोग्राम बदलले, की एएस ९१०२ प्रमाणे फर्स्ट आर्टिकल तपासणी पुन्हा आली. त्याचे दिवस तुझ्या कागदावर कुठे आहेत? मला दिसले नाहीत.

या मशिनशी माझं वैर नाही. एकाच ड्रॉइंगचे शेकडो रिब वर्षभर येत असतील, फिक्स्चर पक्कं असेल, माप घेणारा हात मोकळा असेल, तर ते घ्यायलाच हवं. पण तुझ्याकडे दहा-दहाचे लॉट येतात, दर आठवड्याला सेटिंग बदलतं. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. नाशिकच्या पोरांना हे काम जमतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझा हातही त्यातलाच आहे. म्हणून तर एवढा बोलतोय. परक्याला बोललो नसतो.

आता ऊठ आणि कामाला लाग. मापाची खोली थंड कर. टूल बदललं की लांबी मोजून वहीत लिहायची, हा नियम उद्याच्या पहिल्या पाळीपासून लाव. आहे त्या एका स्पिंडलवर सलग पन्नास जॉब रिजेक्शनशिवाय काढून ती वही मला दाखव. तोवर कर्जाच्या कागदावर सही करायची नाही.